वाचतो, पण शब्द साठत नाहीत

प्रश्न असा आहे: "मुलगा सहावीत, पुण्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. घरी आम्ही मराठीच बोलतो, तरी मराठी पुस्तक हातात दिलं की दोन पानांत कंटाळतो, शब्द अडतात म्हणतो. म्हणून वही घातली आहे. रोज पाच नवे शब्द अर्थासह लिहून पाठ करायचे. पण आठवड्याने विचारलं तर एकही धड आठवत नाही. वाचनातून शब्दसंग्रह वाढवायचा तर नेमकं काय करायचं? आणि शब्दकोश कोणता घ्यावा?"

वही तूर्त बंद करा. तिच्याकडे नंतर येऊ. मी इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते, आणि अशा वह्या ढिगाने पाहिल्या आहेत. अक्षर सुंदर, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि डोक्यात काही नाही.

त्याआधी एक तपासून बघा. तो ज्या पानावर अडला ते पान तुम्ही मोठ्याने वाचा, त्याने पुस्तकात न बघता फक्त ऐकायचं. मग गोष्ट काय होती ते त्याला सांगायला लावा. ऐकून नीट कळलं असेल तर त्याची अडचण शब्दांची नाही. जोडाक्षरं, रफार, विभक्ती लागून लांबलेले शब्द एका नजरेत न येणं, ही ती अडचण. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली हे खरं, पण त्याने विषय वेळापत्रकात आला. डोळ्याला देवनागरीची सवय व्हायला जेवढं वाचावं लागतं तेवढं त्या तासिकांत होत नाही. अशा मुलाला अर्थ सांगत बसू नका. त्याला सोपं आणि पुष्कळ वाचू द्या, एवढंच. ऐकूनही कळलं नसेल तर मात्र शब्द खरोखर कमी आहेत. बहुतेक मुलांत थोडं हे, थोडं ते असतं. जास्त काय आहे ते या तपासणीत कळतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं.

आता शब्द का साठत नाहीत ते. वाचताना नवा शब्द एकदा समोर आला म्हणजे तो आला, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. स्वानबोर्न आणि द ग्लॉपर या डच संशोधकांनी १९९९ मध्ये या विषयावरचे तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले. मुलं सहज वाचत असताना जे अनोळखी शब्द भेटतात, त्यांतले सरासरी पंधरा टक्के त्यांच्या लक्षात राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी तसेच निसटतात. हे ऐकून पालक खट्टू होतात, मला मात्र यात दिलासा वाटतो. मुलगा आळशी नाही, वाचनाची ही रीतच आहे. शब्द पुन्हा भेटला पाहिजे, वेगळ्या वाक्यात, वेगळ्या दिवशी. प्रत्येक भेटीत तो थोडा थोडा कळतो. तेव्हा एकेका शब्दाला धरून बसण्यापेक्षा त्याच्या भेटी कशा वाढतील ते बघायचं. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

भेटी वाढायच्या तर वाचन पुढे सरकलं पाहिजे, आणि वाचन सरकायचं तर पुस्तक सोपं पाहिजे. इथे बहुतेक घरांत गाडी अडते. मुलगा सहावीत म्हणून आपण सहावीच्या वयाचं पुस्तक आणतो, आणि बरेचदा आपल्याला लहानपणी आवडलेलं. त्यातलं गाव, चूल, नातीगोती, सगळंच त्याला परकं. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या वाचकांबाबत असं दाखवलं की, कोणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजायची तर तिच्यातले साधारण अठ्ठ्याण्णव टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात. पन्नास शब्दांत एक अनोळखी, एवढंच. आकडा इंग्रजीचा आहे, मराठीला जसाच्या तसा लावू नका; पण अंदाज म्हणून चांगला आहे. मुलांच्या पुस्तकाच्या एका पानावर तीन-चार शब्द अडले तर ठीक. आठ-दहा अडले तर ते पुस्तक त्याचं नाही, आज तरी नाही.

मग त्याचं कोणतं? मराठी माध्यमाची तिसरी-चौथीची पाठ्यपुस्तकं. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. इंग्रजी माध्यमातल्या सहावीच्या मुलाला ती बरोबर बसतात. "हे लहान मुलांचं आहे" असं तो म्हणणारच. त्यावर माझा नेहमीचा तोडगा असा: घरातल्या किंवा शेजारच्या धाकट्या भावंडाला वाचून दाखवायचं काम त्याच्यावर टाका. मग तो पान आधी स्वतः दोनदा वाचतो, आणि ते दुसरं वाचनच आपल्याला हवं असतं. याशिवाय बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. ते १९७१ पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर वाचायला ठेवलेले आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. दुसरी पातळी सहज जमली की तिसरी. पुस्तक नाही म्हणून अडलं, असं आता शहरात तरी होत नाही.

अडलेल्या शब्दाशी काय करायचं ते एका उताऱ्यावर दाखवते. वर्गात वापरायला मी असे छोटे उतारे स्वतःच लिहिते.

"दुपार कलली तसं आभाळ भरून आलं. आजोबांनी ओसरीवरून हाक दिली, तशी आत्या वाळवण गोळा करायला अंगणात धावली. गोठ्यात गाय दाव्याला हिसके देत होती. कौलांवर टपोरे थेंब वाजले आणि बघता बघता पागोळ्या गळू लागल्या."

सहावीतलं शहरी मूल इथे साधारण पाच ठिकाणी थबकतं: कलली, ओसरी, वाळवण, दाव्याला, पागोळ्या. सवय अशी लावायची की थबकायचं नाही; वाक्य पुरं करायचं, जमलं तर पुढचंही, आणि मग मागे यायचं. मागे आल्यावर दोन गोष्टी बघायच्या. शब्दाच्या पोटात काही ओळखीचं आहे का? आणि आजूबाजूला काय चाललंय? 'वाळवण'मध्ये वाळणं दिसतंय, ते अंगणात आहे, पाऊस येतोय म्हणून गोळा करायचंय. पापड-कुरडया, झालं. 'पागोळ्या'च्या पोटात काही सापडत नाही, पण कौलं आहेत, पाऊस आहे, त्या गळतायत. छपरावरून पडणारं पाणी एवढं मूल ओळखतं. कौलांच्या कडेने ओळीने पडणाऱ्या धारा, हा नेमकेपणा पुढच्या भेटीत येईल. 'ओसरी' घरातलीच कुठलीशी जागा आहे, एवढं कळलं तरी गोष्ट अडत नाही. सोडून द्या.

'कलली'ला मात्र थांबते. मुलं अंदाज करतात "संपली" किंवा "झाली", आणि दोन्ही जरा चुकतात. मी त्यांना भिंतीवरची चौकट एका बाजूला झुकलेली दाखवते: हा फोटो कललाय. मग सूर्य कुठे असेल? हे कळलं की 'उन्हं कलली', 'मन तिकडे कललं' हे सगळे प्रयोग एका ओळीत येतात. असा शब्द थांबण्याच्या लायकीचा असतो, कारण तो पुढे दहा ठिकाणी भेटणार आहे.

'दाव्याला' हा सापळा मी मुद्दाम ठेवते. एकदा एका मुलाने तो मोबाइलवर 'दावा' म्हणून शोधला आणि गाय कोर्टात गेल्यासारखा अर्थ घेऊन आला. चूक त्याची नव्हती. दावं म्हणजे गुरं बांधायची दोरी, आणि दावं काय, दावा काय, दोन्हींचं रूप 'दाव्याला'च होतं. आणि इथे मराठी वाचणाऱ्याची एक खास अडचण आहे, जी इंग्रजीसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत सापडायची नाही. मराठीत शब्द वाक्यात आला की बदलतो. देवळात पाहिलं तर कोशात देऊळ शोधायचं. पावसाने, मूळ पाऊस. विहिरीत, विहीर. सुनेला, सून. कापसाची, कापूस. कोशात 'देवळात' नाही आणि 'विहिरीत'ही नाही. शाळेत सामान्यरूप दोन मार्कांसाठी शिकवतात आणि तिथेच सोडून देतात. खरं तर ती कोशाची किल्ली आहे. रोज वाचून झाल्यावर एखादं मिनिट खेळा: पानावरचा कुठलाही शब्द बोटाने दाखवायचा, त्याने मूळ शब्द सांगायचा. ज्या मुलाला हे जमतं, त्याला ओळखीचे शब्दही जास्त दिसायला लागतात. आधी 'देवळापाशी' हा त्याला नवाच शब्द वाटत होता.

अंदाज दर वेळी जमत नाही हेही लक्षात ठेवा. वाक्य मदत करत नसेल तर पाच मिनिटं "तूच विचार कर" म्हणून मुलाला टांगून ठेवू नका. अर्थ एका वाक्यात सांगा आणि पुढे वाचा. सांगून टाकण्यात काही कमीपणा नाही. गोष्ट थंड झाली तर मात्र सगळंच जातं.

आता तुमच्या "घरी मराठीच बोलतो" याबद्दल. एक दिवस नुसतं कान देऊन ऐका. "दूध फिनिश कर. कपडे फोल्ड कर. पेन्सिल शार्प कर. जरा ट्राय करून बघ." वाक्य मराठीच आहे, पण क्रियापद सगळीकडे एकच उरलंय, करणे. संपव, घड्या घाल, टोक काढ, हे गेलं. इंग्रजी नामं आली म्हणून मला फारसं वाईट वाटत नाही. टेबल आणि पेन आपल्याकडे कधीचेच मुरलेत. क्रियापदं गेली की मात्र वाचन अडतं, कारण गोष्ट त्यांच्यावरच चालते. म्हणून निवडायची वेळ आली तर मी नामाच्या आधी क्रियापद निवडते. वर्गात एक गंमत करते. "इकडे ये" एवढंच वाक्य घ्यायचं आणि तो पुटपुटला, ती खेकसली, त्याने विनवलं, तिने दटावलं, तो चाचरला, ती कुजबुजली, असं एकेक चिठ्ठी उचलून करून दाखवायचं. खेकसण्यावर मुलांच्या उड्या पडतात. नंतर पुस्तकात 'खेकसला' आलं की वर्गात हशा होतो. शब्द पाठ झालाय की नाही हे मग वेगळं विचारावं लागत नाही.

भेटी वाढवायचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे एकाच विषयाचं वाचन. आज ससा-कासव, उद्या विज्ञान, परवा संतचरित्र असं केलं की दर वेळी नवे शब्द, आणि जुने परत येतच नाहीत. एका विषयावर महिना-दोन महिने राहा. पुण्यात आहात तर किल्ले घ्या. किल्ल्यावरचं कुठलंही पुस्तक उघडा: तटबंदी, बुरूज, माची, बालेकिल्ला, खंदक, टाकं, देवडी, चोरदरवाजा. पहिल्या पुस्तकात मूल दर ओळीला अडतं, दुसऱ्यात निम्म्याने कमी, तिसऱ्यात ते तुम्हालाच सांगतं की अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार. मग राजगडावर जा. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या पायांनी फिरून झाल्या की 'माची' शब्द विसरायची सोय राहत नाही. संजीवनी माचीची दुहेरी, चिलखती तटबंदी समोर दिसते तेव्हा चिलखतही आपोआप कळतं. तुमच्या मुलाला किल्ल्यांत रस नसेल तर क्रिकेट घ्या, साप घ्या, रेल्वे घ्या. विषय त्याचा हवा, तुमचा नको. विषय बदलला की काही शब्द मागे राहतात, पण 'उतरणीला', 'कडेकडेने', 'निसटता', 'भक्कम' असे कुठेही चालणारे शब्द सोबत येतात.

हे कुठेही चालणारे शब्द म्हणजेच खरी कमाई. अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ इसाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शब्दांचे तीन थर मानले. रोजच्या बोलण्यातले, जे शिकवावे लागत नाहीत. एकेका विषयापुरते, जे त्या विषयासोबत येतात. आणि मधले, जे लिहिलेल्या भाषेत सगळीकडे भेटतात पण बोलण्यात कमी येतात. मेहनत मधल्या थरावर करायची. मराठीत तो थर म्हणजे हिरमुसणे, सावरणे, उमगणे, उसंत, तगादा, बहाणा, निमूट, चिवट, अधीर अशांचा. देवडी त्या गडावर भेटेल, हिरमुसलेलं कोणीतरी प्रत्येक गोष्टीत भेटेल.

आता वही उघडा, पण नवी. रोज पाच शब्द नकोत. आठवड्याला दोन किंवा तीन, आणि ते त्याने निवडायचे, वाचून झाल्यावर, आवडले म्हणून. शब्दासमोर अर्थ लिहायचा नाही. ज्या वाक्यात भेटला ते वाक्य उतरवायचं आणि खाली स्वतःचं एक. 'बॅटिंग मिळाली नाही म्हणून मी हिरमुसलो' हे वाक्य कुठल्याही कोशातल्या अर्थापेक्षा चांगलं. पुढे तोच शब्द दुसऱ्या पुस्तकात दिसला की तेही वाक्य त्याखाली टाकायचं. काही पानं वर्षभर तशीच राहतील, राहू द्या. ज्या पानावर तीन-चार वाक्यं जमली, तो शब्द पक्का झाला. परीक्षा कसली घेऊ नका.

समानार्थी शब्दांच्या याद्यांपासूनही त्याला जपा. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, हे घोकून मुलं "मी नळाचे उदक प्यायलो" असं लिहितात, आणि मग आपण हसतो. चूक यादीची आहे. उदक कुठे शोभतं हे त्याला कोणत्याच वाक्यात भेटलेलं नसतं.

मोठ्याने वाचणं सहावीत गेलं म्हणून थांबवू नका. मुलाला स्वतः वाचून झेपेल त्यापेक्षा वरच्या पातळीची गोष्ट ऐकून झेपते, म्हणून त्याच्यासाठी सोपं पुस्तक आणि तुम्ही वाचून दाखवायला थोडं अवघड, अशी दोन पुस्तकं एका वेळी चालू ठेवा. शिवाय मराठीचे च, ज, झ दोन प्रकारे उच्चारले जातात आणि लिपी ते दाखवत नाही. 'सारं जग' मधलं जग आणि 'तू शंभर वर्षं जग' मधलं जग कागदावर एकसारखेच. चार आणि चारा बघा. मनातल्या मनात वाचणाऱ्या मुलाला हे कधीच कळत नाही, आणि चुकीच्या उच्चाराने वाचलेला शब्द आजीच्या तोंडून ऐकला तरी त्याला तो तोच आहे हे ओळखू येत नाही. एक भेट फुकट गेली. झोपण्याआधी पाच-सात मिनिटं, आलटून पालटून परिच्छेद. बाबांनी वाचलं तर आणखी उत्तम, कारण मराठी हा फक्त आईचा विषय आहे असं मुलांना लवकर वाटायला लागतं.

शेवटी कोश. आधी नियम: वाचताना नाही, वाचून झाल्यावर, आणि अंदाज केल्यानंतर तो ताडून बघायला. दाते-कर्वे मंडळींचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि वाढवलेली १८५७ ची, हे दोन्ही भांडार आहेत, पण मोठ्यांसाठी. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्हींत शोध घेता येतो. मोल्सवर्थ तुम्ही स्वतः चाळा, वेळ कसा गेला कळणार नाही. मुलासाठी त्याच ठिकाणी मॅक्सिन बर्नसन यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोश आहे. बाई अमेरिकेतून येऊन फलटणला राहिल्या आणि तिथे त्यांनी मुलांच्या वाचन-लेखनाचं मोठं काम केलं. त्यांचा कोश शिकणाऱ्यासाठीच केलेला आहे, अर्थ साध्या इंग्रजीत आहेत, आणि तुमच्या मुलाला इंग्रजीचा आधार लागतोच, तर तो घ्यायला काय हरकत? जुन्या कोशांत क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये शोधावा लागतो, हे त्याला आधी सांगून ठेवा. छापील कोश घ्यायचाच असेल तर दुकानात मुलाला बरोबर न्या, 'हिरमुसणे' आणि 'उसंत' हे दोन शब्द त्यालाच काढायला लावा. दोन्ही सापडले आणि अर्थ त्याला वाचून कळला, तर तो कोश घ्या. घरी आणल्यावर त्याच्या अभ्यासाच्या कपाटात ठेवू नका, सगळे बसता तिथे ठेवा.